विमानाचं मुसकं

आमच्या बोरीत विमान आलं ते जमिनीवरून. दोन ट्रेलर, पुढं आबासाहेबांची जीप, मागं दिनकररावांची पांढरी ॲम्बॅसिडर. पहिल्या ट्रेलरवर विमानाचं धड, दुसऱ्यावर त्याचे पंख, ताडपत्रीत गुंडाळून दोरखंडानं आवळलेले. गावात शिरताना एका पंखाचं टोक लिंबाच्या फांदीला घासलं तेव्हा आबासाहेब जीपमधनं असे ओरडले, की मला वाटलं त्यांचाच खांदा निखळला.

दिवस दिवाळीच्या पाडव्याचा, साल नव्वद. एसट्यांचा त्या काळात भरवसा नव्हता. विद्यापीठाच्या नामांतरासाठी एक मोर्चा निघाला की विरोधातला दुसरा निघायचा आणि डेपोतली गाडी डेपोतच राहायची. तरी माणसं आली. पूर्णेहून रेल्वेतली मंडळी आली, सोनपेठचे व्यापारी आले. माझ्या आडतीसमोर त्या दिवशी जेवढी माणसं उभी होती तेवढी कापसाच्या ऐन हंगामातही कधी राहिली नव्हती. त्यातल्या एकानंही कापूस आणला नव्हता.

आबासाहेब म्हणजे आमच्या भागातलं वजनदार नाव. कालव्याच्या मातीकामाचे ठेकेदार, एक जिनिंग, एक पेट्रोल पंप, शंभरावर एकर जमीन. एवढं सगळं जमेला असून खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट कायम मांडलेली: आमदारकी. त्याच वर्षी फेब्रुवारीत ती हाताशी येऊन गेली. पक्षाचे मुंबईचे साहेब नांदेडच्या विमानतळावर उतरणार होते. आबासाहेब पहाटेपासून हार घेऊन उभे. साहेब उतरले ते एका साखरवाल्यानं पाठवलेल्या छोट्या विमानातून. त्यांनी हार घेतला, खांद्यावर हात ठेवला, "काय आबासाहेब, काय म्हणतंय पाऊसपाणी?" असं विचारलं, आणि तिकीट साखरवाल्याच्या भाच्याला दिलं. पाऊसपाणी, फेब्रुवारीत!

तिथून ते परस्पर माझ्या गादीवर येऊन बसले.

"बन्सीशेठ, आमी हार घिऊन उभं राह्यलो, त्यानं विमान उभं केलं. आमचं तिथंच चुकलं."

"मग आता काय करायचं म्हणता?"

"विमान घ्यायचं."

"आबासाहेब, आमी अजून फटफटी घ्यावं का न घ्यावं ह्या इचारात हावोत, आन् तुमी..."

"नवं न्हाई हो. वापरलेलं."

वापरलेलं हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की जणू त्यानं विमान मोंढ्यात येऊन बसलं आणि आता फक्त पायलीनं मोजायचं बाकी आहे. पण माणूस वेडा नव्हता. दिल्लीतलं सरकार डगमगत होतं, लोकसभेची निवडणूक कधीही लागली असती. ज्याच्या विमानात साहेब बसणार त्याला साहेब खासदाराच्या मोटारीत बसवणार, एवढा सरळ हिशेब होता आणि तो चुकीचा होता असं मला आजही म्हणवत नाही.

खरेदीचं काम दिनकररावांकडं गेलं. दुसऱ्या कुणाकडं जाण्याचा प्रश्नच नव्हता. दिनकरराव हे आबासाहेबांचे मेव्हणे, म्हणजे कस्तुराबाईंचे पाठचे भाऊ. नदीपलीकडच्या गावी राहायचे. परभणीत शिकलेले, बोलायला गोड, आणि वस्तू पारखण्यात त्यांचा हात धरणारा आमच्याकडं कुणी नव्हता. आबासाहेबांच्या घरची जीप, दोन ट्रॅक्टर, बुलडोझर, फार काय कस्तुराबाईंची शिवणाची मशीन, सगळं त्यांच्या नजरेखालून आलेलं. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा ते इंजिनावरून हात फिरवायचे आणि डोळे मिटून किंमत सांगायचे. खरं तेच सांगतो, आजवर त्यांनी आणलेली एकही वस्तू फसवी निघाली नव्हती. विश्वास असाच साठत जातो, दर साली थोडा थोडा. उचलायची वेळ आली की मात्र तो एकदम उचलता येतो.

आता त्या घराची एक रीत सांगितली पाहिजे. ती कस्तुराबाईंच्या आईची, लग्नात त्यांच्याबरोबर बोरीला आलेली. नवं जनावर दारात आलं की घरच्या बाईनं त्याच्या पायांवर पाणी घालायचं, कपाळाला कुंकू लावायचं, तोंडात भाकरीचा घास द्यायचा. तोवर त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. जनावरं कमी झाली, गाड्या आल्या, रीत तीच राहिली. जीपच्या बंपरमध्ये भाकरीचा तुकडा खोचलेला मी स्वतः पाहिला आहे. परभणीहून ट्रॅक्टर आणला तो लॉरीवर चढवून, आणि आबासाहेब मागून एसटीनं आले. पूजेआधी त्यावर कुणी बूड टेकवायचं नाही, चालवणाऱ्यानंसुद्धा नाही.

ऑगस्टात मेव्हणा-दाजी मुंबईला जाऊन विमान बघून आले. रंगाची एक कंपनी बुडाली होती, तिच्या मालकाचं आठ खुर्च्यांचं, दोन इंजिनांचं जेट एका दलालाच्या ताब्यात शेडमध्ये उभं होतं. आल्यावर आबासाहेब माझ्या ओट्यावर बसून सांगत होते आणि अर्धं गाव ऐकत होतं.

"खुर्च्या चामड्याच्या. हात टेकवला की आत जातो, बन्सीशेठ. आन् आत एक नळ हाय! आभाळात नळ!"

"हितं जमिनीवर येईना, तिथं चाललंय होय पाणी," आश्रुबा न्हावी म्हणाला.

"तुला न्हाई कळायचं, आश्रुबा."

"आन् इंजिन कसं हाय?" मी विचारलं.

"मागं, दोन्ही अंगाला. रांजणाएवढाली. तोंडाला लाल कापड बांधल्यालं. मी काढाय लागलो तर दिनकरराव म्हणले, दाजी, राहू द्या, मुंबईची हवा खारी, आतलं गंजतं."

"उडवून बघितलं का?"

"तो दलाल लय मागं लागला. चला पुण्यापर्यंत, म्हणला, च्या पुण्यात पिऊ. पर घरची पूजा झाल्याबिगर आमी कसं बसावं?"

दिनकरराव अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "रीत म्हंजी रीत. आईची रीत हाय ती."

मी आपलं व्यवहाराचं बोललो. म्हटलं, उडवत नांदेडला आणा, तिथं पूजा करा. दिनकररावांनी कातरलेली सुपारी माझ्या तळहातावर ठेवली. "शेठजी, उडवायचं तर पायलट बसणार. म्हंजी पहिला मान परक्याचा. दाजींना चालंल?"

"मुळीच न्हाई," आबासाहेब म्हणाले.

"मंग पंख काढून रस्त्यानं आणू. ट्रॅक्टर आणला तसं. माळावर जोडून घिऊ."

बुलडोझर लावून माळावर पट्टी सपाट करणं सुरूही झालं होतं. मुरमाच्या पट्टीवर जेट उतरत नाही, त्याला डांबर लागतं, हे कुणीतरी सांगितलं. त्यावर आबासाहेब म्हणाले की डांबर कालव्याच्या कामातून निघेल. निघालंही असतं.

किंमत ठरली बत्तीस लाख. आबासाहेबांनी जिनिंगमधला वाटा मोडला, पंपावर कर्ज काढलं, आणि तरी सात लाख कमी पडले. तीन इकडून तिकडून जमले. उरलेल्या चारांसाठी सगळ्यांची नजर नदीपलीकडच्या मळ्याकडं गेली.

तो मळा कस्तुराबाईंच्या नावचा. माहेरचा. त्यांच्या वडिलांनी, आण्णांनी, सगळी जमीन मुलाला दिली आणि नदीकाठचा हा चौदा एकरांचा तुकडा तेवढा मुलीला दिला. दिनकररावांच्या शेताला अगदी लागून. दर भाऊबीजेला ते थट्टा करायचे: "आक्का, ओवाळणी मी कशापाई टाकू? तूच मला मळा दे, आन् मिटव." सगळे हसायचे. दर साली तेच बोलायचे, दर साली सगळे हसायचे, आणि एकच थट्टा इतकी वर्षं कोण कशाला करतो हे माझ्यासारख्या माणसाच्याही ध्यानात आलं नाही.

कस्तुराबाई दुकानात कधी येत नसत. त्या महिन्यात एकदा आल्या. पदर सावरून पायरीवरच उभ्या राहिल्या.

"बन्सीभाऊ, मळ्याला आज भाव काय असंल?"

"बागायती हाय. साठ-पासष्ट हजार एकरी कुठं गेले न्हाईत. का हो?"

"तीसच मिळायलेत. गिऱ्हाईक परभणीचा कुणी वकील हाय म्हणं. दिनकरनंच बघितला."

"तीस? बाई, फुकट द्यायलाव तुमी."

"घाईचं गिऱ्हाईक असंच मागतं, म्हणला." त्यांनी पदर पुन्हा सावरला. "आण्णांनी मला मळा का दिला ठावं हाय का तुमाला? हीर खांदताना त्यांचा पाय मोडला. दिनकर परभणीत शिकायला. दोन सालं मोट मी हाकली. बैलाच्या माघारी मागं मागं चालत. ह्या हातानं." त्यांनी हात पुढं केला. बंगल्यात राहणाऱ्या बाईचा हात, पण तळव्याला अजून जाड कातडी होती. "ह्यांचं तिकिटाचं झालं की सालभरात मळा सोडवून द्यायचा, असं बोलणं झालंय."

"कुणाचं बोलणं? वकिलाचं?"

"दिनकरचं. त्यानं आण्णांची शपथ घेतली."

"बाई, विकलेली जमीन सालानं परत कोण देतं?"

"भाऊ हाय माझा," त्या म्हणाल्या. विषय तिथं संपला.

तर पाडव्याच्या दिवशी ट्रेलर बंगल्याच्या दारात लागला. विमानाचं पुढचं एक चाक धडालाच होतं. मागची चाकं पंखांबरोबर दुसऱ्या ट्रेलरवर. म्हणून मागच्या बाजूनं लाकडी ओंडके लावले होते, आणि ते ठेंगणे पडल्यामुळं सगळं धड शेपटाकडं कललं होतं, बैल मागच्या पायांवर बसावा तसं. इंजिनांच्या मागच्या भोकांनाही कापडं असावीत, पण ती रस्त्यात कुठं उडून गेली होती. पुढच्या तोंडांवरची लाल कापडं मात्र घट्ट बांधलेली.

ट्रेलरनं रस्ता अडवला होता. त्यामागं मल्हारी धनगर आपली मेंढरं घेऊन अडकला होता. दिवाळीच्या सुमारास रानं मोकळी होऊ लागली की मल्हारी गावोगावच्या शेतात मेंढरं बसवायचा. रात्रभर कळप शेतात बसला की लेंड्यांचं खत पडतं, आणि शेताचा मालक त्याला ज्वारी देतो. त्याची मेंढरं ट्रेलरच्या चाकाला अंग घासत होती आणि आबासाहेब ओरडत होते, "आरं मल्हारी, घाण करतील ती!"

"विमान काय मेंढरं खाईल व्हय, मालक?" मल्हारी म्हणाला. लोक हसले.

कस्तुराबाई शिडीवरून ट्रेलरवर चढल्या. हातात ताट. पुढच्या चाकावर पाणी घातलं, पांढऱ्या नाकावर कुंकवाची पाच बोटं ओढली. नारळ फुटला. आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं सांगत नाही. मग बाईंनी ताटातली भाकरी उचलली आणि इकडं तिकडं पाहिलं.

"ह्याचं तोंड कंचं?"

पुन्हा हशा पिकला. कुणी म्हणालं नाक, कुणी म्हणालं काच. आबासाहेबांनी हात वर केला. मुंबईला जाऊन आलेला माणूस.

"मागं! मागं चला. हवा तिथनं खातंय ते. ती दोन तोंडं."

कस्तुराबाई धडाच्या कडेकडेनं मागं गेल्या आणि लाल कापडासमोर थांबल्या.

"ह्याला मुसकं का बांधलंय?"

दिनकरराव इतका वेळ ॲम्बॅसिडरला टेकून उभे होते. ते एकदम पुढं आले. "आक्का, ते सोडू नगंस. धूळ जाईल आत. वरनंच कुंकू लाव, झालं."

"कुंकू लावीन रं. घास कसा देऊ?"

"वरनंच टेकव की."

"तोंड बांधल्यालं जनावर दारात उभं करू नये म्हणायची आई. इसरलास?"

"आक्का, हे जनावर न्हाई!"

"आजवर जीप जनावर हुती, ट्रॅक्टर जनावर हुता. आन् हेच कसं न्हाई?"

दिनकरराव शिडीवर चढायला लागले. सुटाबुटात होते, बूट शिडीवरून घसरला. तेवढ्यात बाईंनी गाठ सोडली होती. लाल कापड खाली पडलं. त्यांनी भाकरीचा चतकोर मोडला आणि आत टाकला.

आतून कसलाच आवाज झाला नाही असं नाही. रिकाम्या पिंपात खडा टाकल्यावर येतो तेवढा आला. मग चतकोर उतारानं घसरत गेला आणि मागच्या भोकातून मल्हारीच्या पायाशी पडला.

"खाल्लं न् लगीच टाकलं बी!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. सगळा रस्ता हसला. आबासाहेबही हसले. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

कस्तुराबाई वाकल्या. इंजिनाच्या तोंडात डोकं घालून बराच वेळ बघत राहिल्या. मग उठल्या, धडाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेल्या, दुसरं मुसकं सोडलं. तिथं त्यांनी घास टाकला नाही. नुसतंच पाहिलं.

"आवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हिकडून मल्हारीचा फेटा दिसतोय. आन् तिकडून मेंढरं."

आबासाहेब वर चढले. त्यांनीही डोकं घातलं. त्यांचा आवाज आतून आला, पोकळ. "दिनकरराव! इंजिन?"

"दुरुस्तीला गेलीत, दाजी. मागनं येणार हायत. सणाच्या दिवशी कुठं सांगावं म्हणून..."

"मग दलाल पुण्याला कशानं नेणार हुता आमाला?"

मला त्या दलालाचं कौतुक वाटलं. गिऱ्हाईक नाही म्हणणार हे आधीच कळलेलं असल्यावर आग्रह करायला काय जातं? आणि आग्रह जितका जास्त तितका माल चोख वाटतो. आता ही रीत मुंबईच्या दलालाला कुणी सांगितली असेल? आबासाहेबांच्या मागं एसटीत बसून आलेला तर तो नव्हता.

तरीसुद्धा त्या घटकेला सगळं सावरलं असतं. आबासाहेबांना विश्वास ठेवायचा होता. इंजिनं दुरुस्तीला गेली आहेत हे वाक्य त्यांनी जवळजवळ गिळलं होतं. पण मल्हारीला मेंढरांच्या मुक्कामाची घाई होती. त्यानं पायाशी पडलेला चतकोर उचलला, कपाळाला लावला, झटकला, आणि शिडीवर अर्ध्यात अडकलेल्या दिनकररावांना विचारलं:

"मालक, मग मेंढरं मळ्यात आज बसवू का उंद्या?"

दिनकररावांनी हातानंच त्याला पुढं जा म्हणून खुणावलं.

"कंच्या मळ्यात रं?" कस्तुराबाईंनी वरून विचारलं.

"तुमच्याच की, बाई. नदीकाठच्या." मग त्याचं त्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. "म्हंजी, आता मालकाच्या. चार पायल्या ज्वारी ठरलीय."

आमच्याकडं सातबारा कुणी बघायला जात नाही. मेंढरांची ज्वारी ज्याच्या घरातून येते त्याचं रान, हे शेंबड्या पोरालाही कळतं. रस्त्यावरचा हशा थांबला.

कस्तुराबाईंनी भावाकडं पाहिलंसुद्धा नाही. तांब्यात उरलेलं पाणी त्यांनी स्वतःच्या हातांवर घेतलं, दोन्ही हात धुतले, पदराला पुसले आणि खाली उतरल्या.

संध्याकाळी आबासाहेबांनी मला बोलावून घेतलं. ओसरीवर ते, मी, आणि आत दाराआड कस्तुराबाई. माझ्या डोक्यात तोवर बेरीज झाली होती. रिकाम्या विमानाचे बत्तीस लाख. भंगाराच्या भावानं दोन-अडीचाचा माल. मधले कुणाकुणात वाटले गेले ते देव जाणे, पण आधी भरलेल्या अठ्ठावीस लाखांतलं दिनकररावांच्या वाट्याला जे आलं त्यातूनच चार लाख वकिलाच्या हातानं फिरून मळ्याची किंमत म्हणून ह्या घरात आले, आणि इथून परत विमानाला गेले. बहिणीची जमीन बहिणीच्या नवऱ्याच्या पैशानं घेतली, पदरचा पैसा न घालता. इतका साफ व्यवहार मी चाळीस वर्षं आडत करून पाहिला नाही. हे मी आबासाहेबांना सांगितलं. त्यांनाही ते कळलंच होतं. ते भिंतीला डोकं टेकून बसले होते.

"फौजदाराकडं चला," मी म्हणालो.

"आन् काय सांगू? मेव्हण्यानं मला रिकामा डबा इकला? सबंध जिल्हा हसंल. दिवाळी झाली की साहेब विमान बघायला यायलेत, बन्सीशेठ. तार आलीया." ते दाराकडं वळले. आवाज खाली आणला. "ऐकलं का. उद्या भाऊबीज. दिनकररावांना मी निरोप धाडलाय. चार माणसं ओसरीवर बसवतो. तुमी ओवाळा. गावानं बघितलं पायजे की घरात काही न्हाई म्हणून. इंजिनाचं मी त्यांच्याकडनं वसूल करतो मागनं."

आबासाहेब दाराजवळ सरकले.

"आन् मळ्याचं म्हणाल तर," आबासाहेब म्हणाले, आणि हे वाक्य ते बोलले नसते तर बरं झालं असतं, "एका परीनं घरातच राह्यला की. परक्याला तर गेला न्हाई."

आतून "हूं" असा आवाज आला. आबासाहेबांनी तो होकार धरला. मी धरला नाही. पण मला विचारलं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिनकरराव आले. तेवढी छाती पाहिजे, ती त्यांच्याकडं होती. हातात भारी साडीचा खोका, डोक्यावर नवी टोपी. ओसरीवर आम्ही चारजण: मी, सरपंच पंडितराव, आश्रुबा, आणि जिनिंगचे एक भागीदार. दारात ट्रेलर तसाच उभा, वर विमान, दोन्ही तोंडं उघडी. बाहेर रस्त्यावर माणसं काही कारण काढून येत-जात होती. सुमनबाईनं, म्हणजे घरात काम करणाऱ्या बाईनं, पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. दिनकरराव पाटावर बसले. नेहमीची थट्टा त्यांच्या ओठांवर आलीच असणार, कारण त्यांनी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

"सूर्य मावळला," आबासाहेब आत बघून म्हणाले. "या."

कस्तुराबाई ताट घेऊन आल्या. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, सगळं रीतीप्रमाणं. नेसूचं लुगडं जुनं, पण धुतलेलं. दिनकररावांनी टोपी नीट केली आणि मान जराशी वर केली, कुंकवासाठी.

बाई पाटाजवळून पुढं गेल्या. निरांजनाच्या ज्योतीला एका हाताचा आडोसा देऊन ओसरीच्या पायऱ्या उतरल्या, अंगणात गेल्या, ट्रेलरला वळसा घालून जिथून आभाळ मोकळं दिसतं तिथं उभ्या राहिल्या. मावळतीला, नदीच्या अंगाला, मळ्यातल्या चिंचेवर बीजेची कोर होती. नखाएवढी. त्यांनी ताट उचललं आणि तिला ओवाळलं. तीनदा. अक्षता उधळल्या. अंगठी-सुपारीनंही ओवाळलं, सगळं रीतीनं.

आमच्याकडं भाऊबीजेला चंद्राला कोण ओवाळतं हे कुणाला सांगावं लागत नाही. रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. पंडितरावांनी तपकिरीची डबी उघडली आणि तशीच धरून बसले. आबासाहेब अर्धे उठले होते, तसेच राहिले. त्यांनी गावाला दाखवायला चार माणसं बसवली होती. आम्ही चौघांनीही नीट बघितलं.

"आक्का," दिनकरराव म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता, हे मी त्यांच्या जमेला धरतो. "आक्का, आग..."

कस्तुराबाई तशाच परत आल्या. पाटावर बसलेल्या माणसाकडं त्यांनी पाहिलं, आपल्या ओळखीच्या कुणाकडं बघावं तसं नाही. कुणी आलंय एवढंच.

"सुमन," त्या म्हणाल्या, "पाव्हण्यांना च्या टाक. लांबनं आल्यात."